उंबऱ्याबाहेरचे बूट

डॉक्टर मृणाल बाबर यांनी टेबलावर बुटांचे दोन जोड मांडले आणि तृप्ती फडतरे खुर्चीतच मागे सरकली.

एरवी बूट बघून घाबरणारी बाई ही नव्हे. साताऱ्याचा यवतेश्वर घाट ती गेली कित्येक वर्षं पळत चढत होती. गावात सकाळी फिरायला बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना तिचं नाव माहीत नसलं तरी तिची चाल माहीत होती. तिच्याकडे गणिताच्या शिकवणीला येणारी मुलं तर म्हणायची, की बाई समीकरणंसुद्धा पळतच सोडवतात. पण पन्नाशी उलटली आणि उजव्या खुब्यातलं अस्तर झिजून हाडावर हाड घासू लागलं. जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. शेवटी डॉक्टर बाबरांनी तो खुबा काढून तिथे धातूचा बसवला, त्याची खुंटी मांडीच्या हाडात ठोकून. आता ती काठीशिवाय चालत होती, आणि तिला पुन्हा पळायचं होतं. मात्र पळायचं म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: धातूच्या खुंटीभोवती मांडीचं हाड उभं चिरत गेलंय आणि आपण घाटात एकट्याच पडलोय.

"तसं झालं तर?" तिने विचारलं.

"तर पुन्हा ऑपरेशन," डॉक्टर म्हणाल्या. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे. "आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यासारखं साधत नाही. नंतर वॉकर सुटेलच अशी खात्री मी देणार नाही. म्हणून म्हणते, पळायचंच असेल तर बूट नीट विचार करून निवडा."

शेजारी बसलेल्या संग्रामने घसा खाकरला. संग्राम म्हणजे तिचा नवरा. साताऱ्यातल्या राजपथावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. नावात युद्ध असलं तरी झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारा माणूस. दोघांची ओळख कॉलेजपासूनची, त्यामुळे घरात अरे-तुरेच चालायचं.

पहिला जोड साधा होता. जाड, मऊ तळव्याचा, तृप्तीच्या जुन्या बुटांचा थोरला भाऊ म्हणावा असा. दुसरा करड्या रंगाचा, दिसायला त्याहून साधा. त्याचं नाव होतं 'सखा'.

"हाड म्हणजे काही लाकडाचा ओंडका नाही," डॉक्टर सांगू लागल्या. "ते रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं. भार पडतो तिथे शरीर हाड बांधतं, भार पडत नाही तिथलं काढून नेतं. अंतराळात राहून आलेल्यांची हाडं विरळ होतात ती त्यामुळेच. आता तुमचा भार जातो धातूतून. शेजारचं हाड बेकार बसलं की झिजणार. म्हणजे त्याला अजिबात काम दिलं नाही तर ते विरळ होणार, आणि फार आदळलं तर त्याला तडा जाणार. या दोन्हींच्या मधली वाट किती रुंद आहे, ते आजवर आम्हाला मोजता येत नव्हतं."

सख्याला ते मोजता यायचं. तृप्तीच्या खुंटीत बारीक स्फटिक बसवलेले होते. दाब आला की ते किंचित वीज सोडत, आणि त्यावरून हाडावर किती भार पडला ते कळे. खुब्यात बॅटरी मात्र नव्हती. शरीराच्या आतली बॅटरी कोण बदलत बसणार? बॅटरी होती बुटात. बूट पायात असला की त्याच्या लहरींवर खुबा जागा व्हायचा आणि आपली हकीकत बुटाला कळवायचा. बुटाच्या तळव्यात एक द्रव होता, चुंबकाच्या जोराने क्षणात घट्ट होणारा. पाऊल टेकायच्या आत बूट ठरवायचा की तळवा मऊ ठेवायचा की कडक. हाडाला दिवसाकाठी जेवढा मार सोसतो आणि मानवतो तेवढाच द्यायचा, हे त्याचं काम.

"आणि हाडाची तब्येत घरच्यांच्या फोनवर दिसते. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे थांबा."

"हाच घेऊ," संग्राम लगेच म्हणाला.

"पळणार मी आहे."

"आणि घरी जीव मुठीत धरून कोण बसणार आहे?"

तृप्ती हसली. खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. आपल्या डोक्यावरची ही भीती कुणीतरी उतरवून घ्यावी, मग तो बूट का असेना.

'सखा' बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाने बूट पायात बसवून दिला, दोन-चार फेऱ्या मारायला लावल्या आणि बजावलं, "दिवसभर वापरायचा हं मॅडम. उठल्यापासून झोपेपर्यंत." तृप्तीने मान डोलावली. घरी येऊन तिने बूट दाराबाहेरच्या रॅकवर ठेवला, पाय धुतले आणि ती वर्गावर गेली. वर्ग घरातच होता. पुढच्या खोलीत फळा, वर सरस्वतीचा फोटो, आणि दाराशी मुलांच्या चपलांचा हा ढीग.

"नवरा घरात आणि सखा उंबऱ्याबाहेर," संग्राम म्हणाला. "हे आपल्याला पटलं."

*

पहिल्या दिवशी ती घाटाच्या पायथ्याशी जेमतेम शंभर पावलं पळाली आणि रडली. सख्याने पाय असा झेलला होता, की जणू खाली गादी अंथरलीय. मग रोज थोडं थोडं अंतर वाढत गेलं. पावसाळा सरला, घाटात धुकं उतरायला लागलं, आणि तृप्ती अर्ध्या घाटापर्यंत जाऊन येऊ लागली.

भीती कुठे गेली ते तिला कळलंही नाही. डोळ्यांसमोरचं ते चिरलेल्या हाडाचं चित्र यायचं थांबलं. संग्रामही बदलला. पूर्वी ती घरात शिरली की तो तिचा चेहरा न्याहाळायचा, दुखतंय का, पाणी देऊ का, म्हणून भंडावून सोडायचा. आता तो फोन न्याहाळायचा. एकदा सकाळी ती म्हणाली, "आज खुब्यापाशी कसंतरीच होतंय रे. आत कुठेतरी ठणकल्यासारखं." संग्रामने चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. "छे, हिरवंगार आहे," तो म्हणाला. "जा बिनधास्त." आणि ती खरंच बिनधास्त गेली.

नसीम मुजावर ही तिची पळण्यातली जुनी सोबतीण. बँकेतून निवृत्त झालेली, बोलायला तिखट. घाटातल्या वळणांवर गाड्या अंगावर येतात, म्हणून तृप्ती पुढे आणि नसीम मागे, असा दोघींचा शिरस्ता होता. त्याच दिवशी परतीच्या उतारावर नसीमने मागून हाक मारली.

"तृप्ती, थांब. अगं थांब म्हणते ना!"

"काय झालं? दम लागला?"

"दम लागायला मी काय तुझा नवरा आहे? तुझ्या उजव्या पायाचा आवाज बदललाय. डावा पडतो तेव्हा काही ऐकू येत नाही. उजवा पडला की टाप वाजते. बरेच दिवस ऐकतेय. म्हटलं, आपलेच कान वाजत असतील."

तृप्ती कठड्याशी गेली आणि उजवा पाय तिने दगडावर हलकेच आपटला. दगडावर दगड आपटावा तसा आवाज आला. तिने डावा आपटला. काहीच नाही. पुन्हा उजवा. पुन्हा तोच आवाज.

दुखत नव्हतं. पण दुखणार कुठून? धातूला थोडंच दुखतं? ती मटकन कठड्यावर बसली. एवढे दिवस गायब झालेली भीती एका क्षणात परत आली, आणि साठलेल्या व्याजासकट आली.

"काढ आधी तो बूट," नसीम म्हणाली.

दोन्ही बूट हातात घेऊन, नसीमच्या खांद्याचा आधार घेत तृप्ती अनवाणी घाट उतरू लागली. खडे टोचत होते, डांबर गार पडलं होतं. आणि तरीही प्रत्येक पाऊल त्या बुटातल्यापेक्षा मऊ पडत होतं. हे लक्षात आल्यावर तिने बूट अंगापासून लांब धरले. प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं की आता आत काहीतरी कट्कन मोडेल.

पायथ्याशी संग्राम स्कूटर घेऊन धावतच आला.

"पडलीस का? हिरवं होतं गं, आणि मघाशी एकदम अंधार झाला! माझा जीवच..."

"बूट काढलेत मी. बघू तो फोन."

फोनच्या पडद्यावर काळ्या पट्टीखाली शांतपणे लिहिलेलं होतं: रुग्ण विश्रांती घेत आहे.

तृप्तीने ते दोनदा वाचलं. "मी घाट उतरत होते, संग्राम. अनवाणी. आणि हा म्हणतो, मी पडून आहे." बोलता बोलता ती थांबली. आयुष्यभर मुलांच्या वह्यांतली चूक एका नजरेत पकडणारी बाई ती. चूक तिला दिसली, आणि तिने तिथूनच कंपनीला फोन लावला.

*

कंपनीची पुण्याची इंजिनिअर, अनघा दांडेकर, फोनच्या पडद्यावर आली तेव्हा तिच्या मागे तिच्याच घराची खिडकी आणि वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. बाई चाळिशीची, बोलायला मोकळी. तिने तृप्तीच्या खुब्याची सगळी हकीकत उघडली.

"बूट कडक झालाय हे खरं आहे, मॅडम. पण ती चूक नाही. तुम्ही दिवसातला बहुतेक वेळ पडून असता. हाडाला कामच मिळत नाही. ते झिजू नये म्हणून सखा पळताना ती कसर भरून काढतो. रोज थोडं थोडं वाढवतो."

"मी पडून असते?"

"असं दिसतंय खरं."

"मी सकाळी दोन वर्ग घेते, संध्याकाळी तीन. सगळे उभ्याने. मध्ये ओट्यापाशी उभी राहून चपात्या लाटते. माझं हाड दिवसभर राबतंय बाई, आणि वर तुमचा सखा त्याला निवांत आहे समजून झोडपतोय."

"पण मग बूट का नव्हता पायात?"

"घरात?" तृप्ती म्हणाली.

अनघाची नजर हळूच खाली, स्वतःच्या टेबलाखाली गेली.

"मीसुद्धा आत्ता अनवाणीच बसलेय," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "सख्याचं शिक्षण थंड मुलखात झालं. तिथली माणसं उठल्यापासून पायात काहीतरी घालूनच असतात. लहर बंद म्हणजे माणूस बिछान्यात, असं तो तिथे शिकला. इकडे आणताना आम्ही त्याला मराठी शिकवली, रस्त्यातले खड्डे शिकवले. उंबऱ्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही सगळे घरी गेल्यावर बूट बाहेर काढतो, आणि तरीही आलं नाही."

"असे किती जण आहेत?" तृप्तीने विचारलं.

"खूप," अनघा म्हणाली. ती खुर्चीतून उठलीच. "तुम्ही फोन ठेवा. मला आत्ता, याच क्षणी सगळ्यांचे बूट थांबवायला सांगायला हवं."

त्याच दुपारी डॉक्टर बाबरांनी हाडाचा फोटो काढला. खुंटीच्या टोकाशी, मांडीच्या हाडात, केसाएवढी बारीक रेघ दिसत होती. डॉक्टरांनी बोटाने ती दाखवली.

"आरपार गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "भरून येईल. पण आणखी थोडे दिवस पळाला असतात, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

संग्राम खुर्चीत बसल्या बसल्या रडला. "मी रोज म्हणत होतो, हिरवं आहे, हिरवं आहे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

*

पुढचे महिने तृप्तीने कुबड्यांवर काढले. अंघोळीला स्टूल, जिन्यावर कुणाचा तरी हात, वर्गात खुर्ची. पाय टेकवायला परवानगी मिळाली तेव्हा पहिलं पाऊल टाकताना तिला दरदरून घाम फुटला. डोळ्यांसमोर ती केसाएवढी रेघ सतत असायची. भाजी चिरताना सुरी पाटावर टेकली तरी तिला दचकायला व्हायचं. तिला वाटायचं की आता आपण आयुष्यभर असंच कान देऊन जगणार.

रेघ भरून आली. आणि त्याच सुमारास कंपनीकडून नवा सखा आला, सोबत पायात घालायचा एक बारीक तोडा. हा तोडा घरात घालायचा, म्हणजे बूट बाहेर असला तरी खुबा जागा राहणार. आता एक पाऊलही सुटणार नव्हतं. टेबलावर पुन्हा दोन जोड आले.

"शास्त्र विचाराल तर दुरुस्त झालेला सखा जास्त जाणता," डॉक्टर बाबर म्हणाल्या. "साधा बूट घातलात तर अंदाजाने पळावं लागेल. थोडं, सावकाश, आणि दुखलं की थांबायचं."

"आणि दुखलंच नाही तर?"

"तो धोका आहेच," डॉक्टर म्हणाल्या.

दोघं घरी आली आणि संग्रामने करडा जोड तिच्यापुढे ठेवला. दाराबाहेर नव्हे, थेट पुढच्या खोलीत, सरस्वतीच्या फोटोखाली. आजवर ज्याने पाहुण्यांच्याही चपला कधी आत येऊ दिल्या नव्हत्या, त्या माणसाने.

"हाच घाल. घरातसुद्धा घाल. देवघरात गेलीस तरी मी काही म्हणणार नाही."

"मी साधा घेणार आहे."

"वेडी आहेस का तू?" त्याचा आवाज चढला. "साध्या बुटात कोण सांगणार आहे तुला? काय चाललंय आत, कसं कळणार मला? ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो ना, तेव्हा वाटलं होतं, दारामागे काय होतंय ते नुसतं दिसलं तरी पुरे. सखा आल्यापासून मला झोप लागायला लागली होती, तृप्ती. आता दुरुस्त झालाय तो. मला ते परत पाहिजे."

"तुझ्या फोनवर हिरवं होतं तेव्हा माझं हाड चिरत होतं."

"ती चूक होती! सुधारलीय आता!"

"असेल. सुधारली असेलच." ती खुर्चीत बसली. "पण त्या दिवशी सकाळी मला ठणकलं होतं, आठवतं? मी तुला सांगितलं. तू फोन बघितलास. आणि तुझं सोड, मी तरी काय केलं? मलाच ठणकत होतं, आणि मीच ते फोनला विचारून सोडून दिलं. मी घाबरले नाही, संग्राम. घाबरायला पाहिजे होतं आणि घाबरले नाही. त्या बुटापेक्षा मला याची जास्त भीती वाटते. पुढची चूक काय असेल ते तुला माहीत नाही, मला नाही, त्या अनघालाही नाही. तेव्हासुद्धा मी अशीच हसत पळत असेन."

संग्रामने वाकून बूट उचलला, उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. मग म्हणाला, "मग मी येणार बरोबर. घाटात. नसीम असो वा नसो."

"तू? पळत?"

"पळत. हसू नकोस."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी साधे दोन जोड घेतले.

*

थंडी ओसरत आली होती. पायथ्याशी दोघं उभी राहिली तेव्हा घाटावर कोवळं ऊन पडलं होतं. तृप्तीने बुटाची नाडी दोनदा सोडून दोनदा बांधली. संग्रामने फोन मुद्दाम घरी ठेवला होता, तरी त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता.

"जायचं?"

"जाऊ."

ती पळू लागली. पाऊल टेकायचं, हाडाला हादरा बसायचा, आणि तो वर कमरेपर्यंत यायचा. कुणी तो झेलत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. तिला प्रत्येक पाऊल कळत होतं आणि प्रत्येक पावलाची धास्ती वाटत होती. मागे संग्राम भात्यासारखा धापा टाकत होता. पहिलं वळण गेलं. दुसरं आलं. अंगात हळूहळू ऊब आली, श्वास लयीत यायला लागला, आणि तिच्या मनात आलं, की वरच्या देवळापर्यंत आज जाता येईल. नक्की जाता येईल.

आणि मग खुब्यात काहीतरी चमकलं.

अगदी बारीक. एकदाच. ती जागच्या जागी थांबली. संग्राम तिच्यावर आदळता आदळता वाचला.

"काय झालं? दुखलं? कुठे?"

"माहीत नाही."

"हाड की स्नायू?"

"माहीत नाही रे!"

त्याचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्याचा चेहरा इतका भेदरला होता, की तिला त्याचीच कीव आली. तिने त्याचा खांदा घट्ट धरला, डावा पाय उचलला आणि सगळा भार उजव्या पायावर घेतला. डोळे मिटले. आत कान दिला. पायाने भार पेलला. चमक पुन्हा आली नाही. कदाचित काहीच नव्हतं. कदाचित आणखी चार पावलांवर होतं.

वर घाटाचा रस्ता वळत गेला होता आणि उन्हात देवळाचा कळस दिसत होता. या रस्त्यावर ठरवलेलं अंतर सोडून मागे फिरलेली तृप्ती फडतरे आजवर कुणी पाहिली नव्हती.

"आज इथूनच मागे," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही," तृप्ती म्हणाली. "नक्की काहीच नाही. चल, हात दे."